हात कुणी धुवायचे?

१५ ऑक्टोबर जवळ आला की जिल्हा परिषदेच्या शाळांना पत्र येतं. 'जागतिक हात धुवा दिन' साजरा करावा. परिपाठात महत्त्व सांगावं, हात धुण्याच्या पायऱ्यांचं प्रात्यक्षिक घ्यावं, फोटो काढावेत, अहवाल सादर करावा. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात शिक्षक होतो. आता निवृत्त आहे. नोकरीत असताना हा दिवस मी एकदाही चुकवला नाही. फोटो चांगले यायचे. आमच्या शाळेचे फोटो एकदा केंद्रातल्या इतर शाळांना नमुना म्हणून पाठवले गेले होते, आणि मला त्याचा आनंदही झाला होता.

आज मी त्या दिवसाविरुद्ध लिहायला बसलो आहे. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, हात धुण्याविरुद्ध नाही. साबणानं हात धुण्याइतके स्वस्त आणि गुणकारी उपाय सार्वजनिक आरोग्यात फार थोडे आहेत. माझं भांडण आहे ते 'हात धुवा' हे वाक्य कोण कुणाला म्हणतं, याच्याशी.

२०१८ सालची गोष्ट. पावसानं मध्येच तोंड फिरवलं होतं. राज्य सरकारनं ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, पण आमच्या गावाला तो जाहीर होईपर्यंत थांबावं लागलं नाही. हापशाला महिनाभर आधीपासून हवा येत होती. शाळेत हँडवॉश स्टेशन होतं. भिंतीलगत चकचकीत फरशी, ओळीनं तोट्या, वर काळी टाकी. सगळं होतं, फक्त टाकीत पाणी नसायचं.

१५ ऑक्टोबरसाठी सरपंचांनी टँकरमधून एक टिपाड भरून पाठवलं. ते आम्ही बादल्यांनी वर चढवलं. मुलं रांगेत उभी केली. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट असा सगळा क्रम म्हणून घेतला आणि तोट्या सोडल्या. सहावीतली एक मुलगी हात धुवायचं सोडून दप्तरातली बाटली तोटीखाली धरून उभी होती. फोटोत ते बरं दिसत नव्हतं. मी ओरडलो, "अगं, हात धू! बाटली काय भरतेस?"

ती म्हणाली, "सर, हात धुतल्यावर समदं पाणी मातीत चाललंय. आई तापलीय घरी. हे न्हेते मी."

मी तिला बाटली ओतून टाकायला लावली नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. पण तिला रांगेतून बाजूला केलं, फोटो काढला आणि अहवालात लिहिलं, 'विद्यार्थ्यांना हात धुण्याचे महत्त्व पटले.' त्या मुलीला पाण्याचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त पटलेलं होतं, हे लिहायला अहवालात रकाना नव्हता. दिवाळी झाली आणि ती आईबापाबरोबर उसाला गेली. माझ्या वर्गातली अर्ध्याहून अधिक मुलं गेली. दरवर्षीच जातात.

हे दोन दिवस आमच्याकडे जवळजवळ येतात, हात धुवा दिन आणि गावं रिकामी होण्याचे दिवस. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी तर राज्यातला गाळप हंगाम १५ ऑक्टोबरलाच सुरू करायचं ठरलं होतं. म्हणजे शाळेला हात धुण्याचा अहवाल पाठवण्याची आणि कारखान्याला मोळी टाकण्याची तारीख एकच. दोन्ही निर्णय करणाऱ्यांना एकमेकांची कल्पना नसणार. पण लेकरं दोन्हीकडे तीच आहेत.

..................

आरोग्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात मी तीन शब्द ऐकले. सवय, जाणीव आणि मानसिकता. लोकांना सवय नाही, जाणीव नाही, मानसिकता बदलायला हवी. या तीन शब्दांत एक सोय आहे. ते वापरले की दोष आपोआप समोरच्याच्या डोक्यात जाऊन बसतो. नळात काय आहे हे पाहायची गरज उरत नाही.

म्हणून आपण जरा नळात पाहू. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरनं पाणी देण्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला २० लिटर आहे. पाच माणसांच्या घराला १०० लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, धुणं, आंघोळ आणि संडास. मी एकदा चौथीच्या मुलांना घेऊन मोजून पाहिलं होतं. हात ओले करायचे, साबण लावून नीट चोळायचे आणि तांब्यानं पाणी घालून धुवायचे, तर एका वेळेला अर्धा लिटर जातं. संडासहून आल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवायच्या आधी, लेकराला भरवायच्या आधी, त्याची शी काढल्यावर, जनावराचं केल्यावर, अशा पुस्तकातल्या सगळ्या वेळा पाळल्या तर एका माणसाला दिवसातून आठ वेळा तरी हात धुवायला हवेत. चार लिटर. घराचे वीस लिटर. म्हणजे घरात आलेल्या पाण्याचा पाचवा हिस्सा नुसत्या हातांवर ओतायचा. हा हिशेब बायका आमच्यापेक्षा लवकर करतात, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. २०२४ पर्यंत गावातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी ५५ लिटर पाणी, असं ते वचन होतं. मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. आमच्या भागात कितीतरी ओट्यांवर निळा पाइप आणि तोटी उभी आहे. पोरं तिला खेळायला धरतात. कागदावर तिला नळजोडणी म्हणतात. घरात संडास आहे आणि त्यात टाकायला पाणी नाही, म्हणून एक डबा घेऊन माणूस रानात जातो. डब्यातलं पाणी जिथं संपायचं तिथं संपतं, हाताला उरत नाही. मग माती. ही सवय नाही, हे एका डब्याचं गणित आहे.

आता दुसरं गणित. महाराष्ट्रात एक किलो साखर तयार व्हायला सुमारे दोन हजार लिटर पाणी लागतं, असं केंद्र सरकारच्याच कृषी खर्च आणि किंमत आयोगाच्या अहवालांतून पुढे आलं आहे. टँकरच्या निकषानं हे एका माणसाचं शंभर दिवसांचं पाणी झालं. एका टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोनेक टन ऊस तोडते. म्हणजे दर दिवशी चार लाख लिटर पाणी, उसाच्या रूपात, या दोघांच्या चार हातांतून जातं. आणि संध्याकाळी कोपीवर आल्यावर ते चार हात धुवायला दोन लिटर मिळत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच हंगामात, फेब्रुवारीत, मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या ठिय्यावर गेलो होतो. काही मुलं परीक्षेपुरती तरी परत आणता येतील का, हे बघायला. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांची रांग होती. पहाटे तीनला बायका उठून भाकरी थापतात, चारला फडाकडे निघतात. पाणी जवळच्या शेतकऱ्याची मोटर चालू असली तर मोटरीचं, नसली तर चारीचं. संडास नाही. उसाच्या पात्यानं हाताला बारीक बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यात माती बसते. तशा हातांनी पीठ मळलं जातं, तशाच हातांनी लेकराला घास भरवला जातो. त्या मुलीची आई भेटली. शाळेत मुलांना वाटलेली साबणाची वडी तिनं पिशवीतून काढून दाखवली. कागदसुद्धा फाडला नव्हता. "साबन हाय की सर. पर धुवायचं कशानं?"

कारखाना दोन किलोमीटरवर होता. गेटच्या आत हिरवळ होती, कारंजं होतं. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. गाळपात ते बाहेर पडतं आणि कारखान्यात वापरलंही जातं. पाण्याची टंचाई असलेली ती जागा नाही. पाणी तिथं आहे. ज्यांनी ऊस आणून टाकला त्यांच्यापर्यंत येणारा पाइप नाही.

..................

पाण्याची ही गोष्ट हातापाशी थांबत नाही. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सांगण्यात आलं की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतरच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहा बायकांमागे एक. त्यात पस्तिशीच्या आतल्याही होत्या. देशभर वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि सगळ्यांनी मिळून शोधलं की यात डॉक्टरांचा पैसा आहे, मुकादमाची उचल आहे, खाड्याची भीती आहे. ते सगळं खरं आहे. पण बाई डॉक्टरकडे मुळात कशासाठी गेली होती? बहुतेक वेळा पोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय म्हणून. सहा महिने पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, ते धुवायला पाणी नाही, स्वतःचे हात धुवायलाही नाही. ज्या आजाराला आधी पाणी आणि आडोसा आणि मग साधी औषधं हवी होती, त्याला आपण थेट सुरी दिली. आणि त्याच बाईला आरोग्य शिबिरात फलक दाखवला, 'स्वच्छता पाळा'.

मग करोना आला. २०२० चा मार्च. टाळेबंदी झाली तेव्हा आमची माणसं फडातच होती. लाखाहून जास्त ऊसतोड कामगार आणि त्यांची लेकरं घरापासून शेकडो किलोमीटरवर अडकली. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं त्यांना परतायची परवानगी दिली. त्या दिवसांत एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, "सर, कुणालाबी फोन लावला की आधी बाई सांगती, हात धुवा, हात धुवा. गावाकडं कवा जाऊ देत्यात ते कुणीच सांगंना." वीस सेकंद हात धुवा, हा सल्ला शास्त्रीय होता, बिनचूक होता. करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं, ते साबणानं फुटतं. फक्त हा सल्ला ज्या फोनवर वाजत होता, त्यातल्या काही फोनच्या आसपास नळ नव्हता, याची नोंद सल्ला देणाऱ्यानं घेतली नव्हती.

त्याच काळात शहरातले माझे काही मित्र अभिमानानं लिहीत होते की, बघा, आपली संस्कृती आधीपासून हेच सांगत होती. दारात पाण्याची बादली, हातपाय धुवून घरात यायचं, सोवळं, ओवळं. मला हे वाचून राग आला होता, तो अजून गेलेला नाही. आपल्याकडे हात धुण्याची परंपरा आहे, ही गोष्ट खरी आहे. पण त्या परंपरेत हाताला काय लागलंय यापेक्षा हात कुणाचा आहे हे मोठं होतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं. नगरपालिकेनं ते तळं आधीच सर्वांना खुलं केलेलं होतं. त्यानंतर सवर्णांनी काय केलं? शेण आणि गोमूत्र मिसळलेलं पंचगव्य तळ्यात ओतून पाणी 'शुद्ध' केलं. ज्या समाजाला माणसाच्या हातानं पाणी बाटतं असं वाटलं आणि शेणानं ते शुद्ध होतं असं वाटलं, त्यानं आपल्याला जंतूंचं ज्ञान होतं असं सांगू नये. सोवळं हा आरोग्याचा नियम नव्हता. तो अंतर राखण्याचा नियम होता.

ते अंतर आजही आहे, फक्त भाषा बदलली आहे. पूर्वी म्हणायचे यांना शिवू नका. आता म्हणतो यांना सवय लावा.

..................

साबण-पाण्याच्या शास्त्राचा जन्म कुठं झाला हे आठवून पाहा, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते लक्षात येईल. व्हिएन्नाचं मोठं सरकारी रुग्णालय, १८४७ साल. तिथं बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायका सुईणींच्या कक्षापेक्षा कितीतरी जास्त होत्या. बायकांना हे ठाऊक होतं, त्या डॉक्टरांच्या कक्षात जायला रडून नकार देत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरनं कारण शोधलं. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत होते. त्यानं मे महिन्यात नियम केला की, कक्षात शिरण्यापूर्वी प्रत्येकानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठराएक बाळंतिणी मेल्या होत्या. उन्हाळ्यात तो आकडा दोनच्या आसपास आला.

या गोष्टीतलं एक आपण सोयीनं विसरतो. हात धुण्याची पहिली सक्ती बाळंतिणींवर नव्हती, डॉक्टरांवर होती. 'तुम्ही अस्वच्छ आहात' हे वाक्य वरून खाली नव्हे, खालून वर गेलं होतं. आणि सेमेलवाइस नुसता नियम करून थांबला नाही, त्यानं दारात पाण्याचं भांडं ठेवलं. पुढे काय झालं? डॉक्टरांना अपमान वाटला. आमच्या प्रतिष्ठित हातांनी मरण येतं म्हणजे काय? १८४९ मध्ये त्याला ती नोकरी सोडावी लागली. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. ज्यांच्या हातात सत्ता असते त्यांना हात धुवायला सांगणाऱ्याचं असं होतं. जो गरिबाला हात धुवायला सांगतो, त्याचा फोटो छापून येतो.

आणि सवयीचंच म्हणाल, तर देशाची सवय काय आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ च्या फेरीत असं दिसलं की, शौचानंतर साबणानं हात धुणारी घरं सुमारे ७४ टक्के, पण जेवणाआधी साबणानं धुणारी फक्त ३६ टक्क्यांच्या आसपास. बाकीची बहुतेक नुसत्या पाण्यानं धुतात. यात नळ असलेली घरं आहेत, गीझर असलेली घरं आहेत. लग्नाच्या पंगतीत बसताना तुम्ही आणि मी शेवटचा साबण कधी मागितला होता? पण प्रशिक्षण मात्र कोपीवर.

..................

आता माझ्यावर दोन आक्षेप येतील, त्यांतला एक माझ्याच बाजूच्या लोकांचा आहे, म्हणून आधी त्याचं बोलतो.

चळवळीतले मित्र म्हणतात, आधी पाणी द्या, मग हात धुण्याचं बघू. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण मला मान्य नाही. लेकराची हगवण जलजीवनच्या मुदतवाढीची वाट बघत नाही. हात धुण्यानं फरक पडतो, आणि फार मोठा पडतो. कराचीच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. हात धुणाऱ्या घरांत मुलांची हगवण आणि न्यूमोनिया दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आले. हे मी प्रत्येक पालकसभेत सांगायचो. थोड्या पाण्यातही पुष्कळ करता येतं. शाळेत आम्ही पाच लिटरच्या कॅनला भोक पाडून, दोरी बांधून, पायानं वाकवायचा नळ केला होता. धार करंगळीएवढी, पण वाहती. एका मुलाचे हात पेल्याच्या चौथाईत निघायचे. तोवर आमच्याकडे सगळी मुलं एकाच बादलीत हात बुडवून खिचडीला बसत. ते न धुण्यापेक्षा वाईट, कारण एकाच्या हातचं सगळ्यांच्या हातावर. पाणी वाहतं हवं, मग थोडं चालेल, हे मला फार उशिरा कळलं. ते आधी कळायला हवं होतं, आणि ते मला कुठल्याच पत्रानं सांगितलं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा. मग झालं तर, ते म्हणतील, एका कॅननं भागतं ना? मग पाण्याची ओरड कशाला? साहेब, कॅन भरायलाही पाणी लागतं. आमचा कॅन दीड महिना चालला. नंतर टँकर चार दिवसांआड झाला आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी मला स्पष्ट विचारलं, "सर, खिचडी शिजवू का हात धुवू?" आणि कराचीचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्यावं. तिथं त्या घरांत दर आठवड्याला माणूस जात होता आणि साबण फुकट देत होता. म्हणजे निम्म्यावर आलेली हगवण ही नुसत्या उपदेशाची कमाई नाही. सोय आधी, उपदेश बरोबरीनं. आपण फक्त उपदेश उचलला, कारण तो फुकट पडतो.

हात धुवा दिन ज्या भागीदारीतून निघाला, तिच्यात सरकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांबरोबर मोठ्या साबण कंपन्याही होत्या. त्यात काही पाप नाही. पण साबण विकता येतो म्हणून त्याचा दिवस झाला. ठिय्यावरच्या नळातून कुणालाच काही मिळणार नाही, म्हणून त्याचा दिवस नाही.

..................

मागच्या हंगामाआधी ती मुलगी मला पाटोद्याच्या स्टँडवर भेटली. आता मुलगी म्हणायला नको. कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू होतं. तिनं वाकून नमस्कार केला. ती आता स्वतः कोयता आहे. नवऱ्याबरोबर फडात जाते. लेकरू किडकिडीत होतं. मी न राहवून विचारलं, त्याला हगवण लागते का? मास्तरची खोड, लगेच पुढे म्हणालो, "भरवायच्या आधी हात धूत जा बरं का." ती हसली. "धुते की सर. पानी असलं की धुतेच."

माझी नजर खाली गेली. सात वर्षांपूर्वी तिनं बाटली भरून मला जे सांगितलं होतं, तेच ती परत सांगत होती, आणि मी परत तेच विचारत होतो.

म्हणून मागण्या लिहितो, उपदेश नाही. साखर कारखान्याला हंगामापूर्वी साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्याला अट घाला की, प्रत्येक ठिय्यावर वाहत्या पाण्याची तोटी, साबण, बायकांसाठी आडोसा आणि संडास असल्याशिवाय परवाना मिळणार नाही. उसाच्या एकेका टनाचा, उताऱ्याचा, देण्याचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला कोप्यांशेजारच्या तोट्या मोजणं अवघड नाही. टँकरचा माणशी २० लिटरचा निकष बदला. त्यात हात धुण्याचं पाणी वेगळं धरा, नाहीतर त्याच तालुक्यात स्वच्छतेचे फलक लावू नका. शाळेकडून फोटो मागू नका, रोजच्या हजेरीपत्रकात एक रकाना द्या, 'आज टाकीत पाणी होतं का?' आणि तो रकाना वरचा अधिकारी वाचतो, असं पाहा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आणि खाजगी दवाखान्यातल्या प्रत्येक तपासणी टेबलाजवळ चालू नळ आणि साबण आहे का, हे आधी तपासा. आणि बाई तपासायला आली तर तिनं डॉक्टरांना विचारावं, हात धुतले का? व्हिएन्नाच्या बाळंतिणींना ते विचारता आलं नव्हतं. आमच्या बायकांना यायला हवं.

मला ठाऊक आहे की येत्या १५ ऑक्टोबरलाही पत्र येईल. माझ्या जागी आलेले शिक्षक तरुण आहेत, चांगले आहेत, मोबाइलचा कॅमेराही चांगला आहे. त्यांना एवढंच सांगणं आहे की, आधी तोटी सोडून पाहा. पाणी आलं तर मुलांना बोलवा. नाही आलं तर मुलांना वर्गातच बसू द्या, कोरड्या तोटीचा फोटो काढा आणि तोच अहवालाबरोबर पाठवा. मी इतकी वर्षं नोकरीत असून तेवढं केलं नाही.